जिम सोडू नका, कणीक सोडा

मॅडम, सप्रेम नमस्कार.

मी ४८ वर्षांची, मिरजेजवळच्या एका शाळेत शिक्षिका आहे. तीन वर्षांपूर्वी आई न्हाणीघरात घसरली आणि तिचा खुबा मोडला. ऑपरेशन झालं, पण ती पूर्वीसारखी चालली नाहीच. तेव्हाच ठरवलं की आपली हाडं आपणच जपायची, आणि जिम लावली. सुरुवातीला लाज वाटायची, आता ५० किलोचा डेडलिफ्ट मारते, म्हणजे जमिनीवरचा वजनाचा रॉड उचलून सरळ उभी राहते. पाळी जाऊन वर्ष झालं. बीपीसाठी टेल्मिसार्टन चालू आहे, शुगर काठावर आहे.

गेल्या दिवाळीपासून उजवं कोपर बाहेरच्या बाजूला दुखतंय. आधी फक्त जिममध्ये दुखायचं, आता चहाचा कप उचलला तरी कळ येते. त्याच सुमारास नव्या ट्रेनरने बॅटल रोप (जाड दोर आपटणं) आणि फार्मर्स वॉक (दोन्ही हातांत वजन घेऊन चालणं) सुरू केला होता. घरच्या डॉक्टरांनी डायक्लोफिनॅकच्या गोळ्या दिल्या. घेतल्या की बरं वाटतं, सोडल्या की ये रे माझ्या मागल्या. हाडांचे डॉक्टर म्हणाले, टेनिस एल्बो आहे, एक इंजेक्शन घ्या, मोकळ्या व्हाल, आणि ते जिमबिम बंद करा. ट्रेनर म्हणतो, मॅडम, दुखणारच, त्यातूनच ताकद येते. सासूबाई म्हणतात, या वयात लोखंड कशाला उचलायचं. शेजारच्या काकू एका माणसाचा पत्ता देतायत, तो नस मोकळी करून देतो म्हणे. मी पंधरा दिवस जिम पूर्ण बंद ठेवली. दुखणं थांबलं. परत गेले आणि पहिल्याच दिवशी पुन्हा सुरू.

मी जिम सोडू का? इंजेक्शन घेऊ का? पट्टा लावायचा तर कुठे आणि कसा? आणि डिसेंबरपर्यंत ६० किलो उचलायचं मनात होतं, ते विसरू का?

एक वाचक, मिरज

नमस्कार,

तुमच्या पत्रात डॉक्टर, ट्रेनर, सासूबाई, काकू अशा सगळ्यांची मतं आहेत आणि बहुतेकांचं बोट जिमकडे आहे. दिवाळीत घरात काय काय केलंत, ते मात्र तुम्हीही लिहिलेलं नाही. मी अंदाज बांधते. पंखे पुसले असतील, पडदे धुऊन पिळले असतील आणि चकल्या घरीच केल्या असतील. पीठ जरा घट्ट झालं की सोऱ्या कसा हाताला लागतो, हे ज्याने तो फिरवलाय त्यालाच कळतं. डाव्या हातात सोऱ्या गच्च धरायचा, उजव्या मुठीत दांडा आवळून पिळायचा, आणि किलो-दीड किलो भाजणी संपेपर्यंत सोडायचा नाही. त्याच पंधरवड्यात बॅटल रोप, त्याच पंधरवड्यात दोन्ही हातांत डंबेल घेऊन जिमच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या. कोपराला यातलं काय व्यायाम आणि काय फराळ, ते कळत नाही. त्याला एवढंच कळतं की आवळून धरण्याचं काम अचानक दुप्पट झालं.

आवळून धरण्याचंच का, ते करून बघा. मनगट आतल्या बाजूला पूर्ण वाकवा आणि तसंच ठेवून मूठ घट्ट आवळा. जमणार नाही, मुठीत जोरच येणार नाही. बोटं मिटवणारे स्नायू मनगटालाही आत ओढत असतात. पकड घट्ट व्हायची तर मनगट कोणीतरी मागून सरळ धरून ठेवावं लागतं. ते काम हाताच्या पाठच्या बाजूचे स्नायू करतात, आणि त्यांतले बरेचसे कोपराच्या बाहेरच्या हाडाच्या उंचवट्यावर एका लहानशा जागेत येऊन चिकटतात. स्नायूला हाडाशी जोडणारी ही जी चिवट पट्टी, ती कंडरा. जिममधली मुलं तिला टेंडन म्हणतात. म्हणजे तुम्ही पाठीसाठी पुलडाऊन करा (वरचा दांडा खाली ओढणं), पायांसाठी डेडलिफ्ट करा नाहीतर बादली उचला, मूठ आवळली की त्या जागेवर ओढ बसते. म्हणूनच पाठीचा व्यायाम केलेल्या दिवशी कोपर दुखतं आणि लोक चक्रावतात.

तुमचं निदान बरोबर असावं, पण घरच्या घरी एकदा ताडून पाहा. प्लास्टिकची साधी खुर्ची घ्या. हात कोपरात सरळ, तळहात जमिनीकडे, आणि खुर्चीच्या पाठीची वरची कड धरून ती उचला. कोपराच्या बाहेर नेमकी तीच कळ येईल. आता तळहात वर करून खालून धरा आणि उचला. दुखणं बरंच कमी वाटलं तर बाहेरच्या कंडरेचंच काम. ही खुर्ची आणखी एक गोष्ट शिकवते, ती पुढे जिममध्ये उपयोगी पडेल: तळहात खाली ठेवून उचललेली वस्तू या कोपराला जड जाते, तळहात वर किंवा अंगठा वर ठेवून उचललेली हलकी जाते.

दुखणं आतल्या बाजूला असतं, तर मी वेगळं लिहिलं असतं. तो गोल्फर्स एल्बो, जास्त करून चिन अप्स मारणाऱ्यांचा किंवा स्क्वॉट करताना खांद्यावरच्या रॉडचं वजन मनगटांवर घेणाऱ्यांचा. कोपराच्या मागे टोकाला दुखत असेल तर ट्रायसेप्सची कंडरा, तिथे डिप्स थांबवावे लागतात. करंगळी आणि अनामिकेला मुंग्या येत असतील, मान वळवली की हातात कळ जात असेल, मनगट उचललंच जात नसेल, कोपर लाल होऊन सुजलं असेल, तर घरगुती कसोट्या बाजूला ठेवून तपासून घ्या. वजन उचलताना कोपरासमोर ‘टक्’ होऊन दंड काळानिळा पडला तर ती बायसेप्सची कंडरा तुटलेली असू शकते. तिथे महिनाभर वाट बघून चालत नाही, त्याच आठवड्यात हाडांच्या डॉक्टरांकडे जायचं. आणि तुमचं बीपी बघता एक सांगून ठेवते. हात दुखण्याबरोबर छाती भरून येणं, दम लागणं, घाम फुटणं, जबड्यात किंवा पाठीत दुखणं असं काही झालं, तर ते कोपर नव्हे. तेव्हा सरळ हॉस्पिटल गाठा.

आता तुमच्या पंधरा दिवसांच्या विश्रांतीबद्दल. ती वाया का गेली, हे समजलं की बाकीचं आपोआप समजतं. पूर्वी सगळे धरून चालायचे की या जागी सूज असते आणि ती उतरवली की काम झालं. १९७९ मध्ये अमेरिकेतले सर्जन नर्शल आणि पेट्रोन यांनी ऑपरेशनमध्ये काढलेल्या अशा कंडरेच्या तुकड्यांविषयी लिहिलं. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांत सुजेच्या पेशी जवळपास नव्हत्याच. दिसले ते विस्कटलेले धागे आणि भलत्याच ठिकाणी फुटलेल्या बारीक रक्तवाहिन्या. निरोगी कंडरेत कोलॅजनचे धागे विंचरलेल्या केसांसारखे एका दिशेला असतात, इथे त्यांचा गुंता झालेला असतो. विश्रांतीने हा गुंता सुटत नाही. ओढ थांबते म्हणून दुखणं थांबतं, एवढंच. उलट, रिकाम्या बसलेल्या कंडरेची ताकद कमी होते आणि जुनं वजन तिला पहिल्यापेक्षा जड वाटू लागतं. धाग्यांना पुन्हा दिशा लागते ती मोजून दिलेल्या, सावकाश वाढवलेल्या ओढीनेच. म्हणजे डॉक्टरांचं ‘बंद करा’ही नको आणि ट्रेनरचं ‘दुखू द्या’ही नको. वजन हवंच, पण मापात.

वयाचा वाटा आहेच, तो नाकारत नाही. हे दुखणं चाळिशी ते साठीत सर्वांत जास्त दिसतं, पाळी गेल्यानंतर कंडरांच्या तक्रारी वाढलेल्या दिसतात, आणि शुगर असलेल्यांच्या कंडरा सावकाश भरून येतात. म्हणून शुगर ‘काठावर’ म्हणून सोडून देऊ नका, एचबीएवनसी ही तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी रक्ततपासणी करून आकडा बघा. स्नायू काही आठवड्यांत जोर धरतो, कंडरेला महिने लागतात, आणि हे अंतर वयानुसार रुंदावतं. तुमचे पाय आणि पाठ ५० किलोला तयार झाले, कोपराची ती नखाएवढी जागा अजून ४० वरच होती.

पण वय झालं म्हणून जिम सोडण्यात तुमचं नुकसान जास्त आहे, आणि ते कोपराचं नाही, खुब्याचं आहे. ऑस्ट्रेलियात पाळी गेलेल्या, हाडं विरळ झालेल्या १०१ बायकांवर एक प्रयोग झाला. त्यांतल्या एका गटाने आठवड्यातून दोनदा अर्धा तास, देखरेखीखाली, डेडलिफ्ट, स्क्वॉट आणि डोक्यावर वजन ढकलणं असे व्यायाम केले, तेही अंगाला झेपेल तेवढ्या भारी वजनाने. आठ महिन्यांनी त्यांच्या मणक्याच्या हाडांची घनता वाढलेली होती. घरी हलका व्यायाम करणाऱ्या दुसऱ्या गटाची तशी वाढली नाही. सासूबाईंना हे सांगून पटेल असं नाही, पण तुम्हाला माहीत असलेलं बरं.

तर जिममध्ये काय करायचं? पाय पूर्ण चालू. लेग प्रेस, हिप थ्रस्ट, स्क्वॉट, पायऱ्या चढणं, यांतलं काही बंद करायचं कारण नाही. बॅटल रोप, केटलबेल स्विंग आणि फार्मर्स वॉक तीन महिने बंद. कोपराला झटका आणि लांबलेली पकड या दोन गोष्टी सर्वांत वाईट, आणि बॅटल रोपमध्ये दोन्ही एकदम मिळतात. तसंही चाळिशीपुढच्या माणसांना दोर आपटायला लावून ट्रेनर नक्की काय साधतात, ते मला आजवर कळलेलं नाही. पुलडाऊनला लांब दांडा काढून तळहात एकमेकांसमोर येतील असं हँडल लावा. रो, म्हणजे वजन पोटाकडे ओढण्याचा व्यायाम, करताना छातीला टेकू असलेलं मशीन असेल तर ते घ्या. ओढण्याच्या सगळ्या व्यायामांना मनगटाचे कापडी पट्टे वापरा, ज्यांना जिममध्ये स्ट्रॅप्स म्हणतात. रॉडभोवती पट्टा गुंडाळला की वजन मनगटावरून लटकतं, मुठीला फक्त आधार द्यावा लागतो. स्ट्रॅप वापरणं म्हणजे लबाडी असं सांगणारा कोणीतरी प्रत्येक जिममध्ये असतो. त्याला हसून टाळा. खांद्याचे लॅटरल रेज (हात बाजूला उचलणं) तळहात खाली ठेवून करत असाल तर अंगठे किंचित वर करा आणि वजन अर्ध्यावर आणा, नाहीतर केबलचा पट्टा मनगटाऐवजी दंडाला अडकवा. ढकलण्याच्या व्यायामांत बघायचं ते मनगट. बेंच प्रेस मारताना ते मागे मोडत असेल तर रॉड तळहाताच्या बुडाशी घ्या. आणि मूठ विनाकारण आवळू नका. बहुतेक लोक दहा किलोचं डंबेल चाळीस किलोचं असल्यासारखं धरतात.

औषध म्हणून करायचा व्यायाम याहून वेगळा आणि दिसायला अगदी किरकोळ आहे. टेबलावर कोपरापासून मनगटापर्यंतचा हात ठेवा, तळहात खाली, पंजा कडेबाहेर. एक किलोचं डंबेल घ्या, मनगट सरळ रेषेत आणा आणि नुसतं धरून ठेवा. हलवायचं नाही. ३० ते ४५ सेकंद, मग मिनिटभर सुट्टी, असं चार-पाच वेळा, रोज एकदा. पुष्कळांना यानेच दुखणं थोडं शांत झाल्यासारखं वाटतं. दोन-तीन आठवड्यांत हे सहज जमू लागलं की हालचाल सुरू: तीन सेकंदांत मनगट वर, चार सेकंदांत खाली. घाई केली तर अर्धा फायदा गेला. १२ ते १५ वेळा, असे तीन सेट, एक दिवसाआड. जमतंय म्हटल्यावर अर्धा किलो वाढवा. तीन-चार किलोपर्यंत पोचलात की टेबल सोडून हात पुढे सरळ करून तेच करा. कोपर सरळ असताना कंडरेवर ओढ जास्त येते, आणि डेडलिफ्टमध्ये कोपर सरळच असतं.

याला जोडून घरातली हातोडी वापरा. कोपर काटकोनात, अंगाला चिकटवून, हातोडी दांड्याच्या टोकाला धरायची आणि लोखंडी डोकं सावकाश एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे झुकवायचं. जड गेली तर दांडा थोडा वरून धरा. पंधरा वेळा पुरे. आणि खांद्याचा मागचा भाग विसरू नका. तो लेचापेचा असला की ओझं घसरत घसरत मनगटाकडे येतं.

दुखण्याचं काय करायचं, हा खरा प्रश्न, कारण हे सगळं करताना थोडं दुखणारच. शून्य ते दहाचं माप धरा. व्यायामात तीन, फार तर चार चालेल. मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी ते पूर्वीइतकंच किंवा कमी असलं पाहिजे. हे अंदाजाने ठरवू नका, रोज एकाच कामाने मोजा. तुमच्याकडे सकाळी चहाचं पातेलं सांडशीनेच उतरवत असाल ना? तळहात खाली, चिमटा आवळलेला, मनगट ताठ, अशी तंतोतंत कोपराची परीक्षा घेणारं दुसरं काम घरात सापडणार नाही. पातेलं उतरवताना किती दुखलं तो आकडा कॅलेंडरवर लिहा. सकाळी आकडा चढला तर काल केलेलं जास्त झालं, पुढच्या वेळी वजन किंवा सेट कमी करा; बंद नाही करायचं. सुरुवातीला एखादा आठवडा आकडा खाली-वर होईल. महिन्यामहिन्याने बघा. फरक जाणवायला सहा आठवडे, भरवसा वाटायला तीन महिने धरून चला.

आता शीर्षकाचं. तुमच्या घरात जिम सोड म्हणणारे आहेत, पण ‘कणीक मी मळतो’ असं कोणी म्हणाल्याचं पत्रात कुठे दिसलं नाही. चार-पाच जणांच्या घरात रोज दोन वेळची कणीक, ओले कपडे पिळणं, नळाचं पाणी चढलं नाही तर बादल्या, स्कूटीचा कान पिळत शाळा, आणि मार्चमध्ये उत्तरपत्रिकांचे गठ्ठे. जिममध्ये तुम्ही आठवड्यातून तीन-चार तास असता, हे सगळं रोजचं आहे आणि त्याला सुट्टी नाही. जिम बंद केलीत आणि कणीक चालू ठेवलीत, तर कोपराच्या पदरात फारसं काही पडत नाही. फक्त खुब्याचा व्यायाम गेला. म्हणून तीन महिने कणीक दुसऱ्या कोणीतरी मळायची. नवऱ्याला येत नसेल तर शिकेल, पाणी बेताबेताने घालायचं एवढंच तर शास्त्र आहे. नाहीच जमलं तर मिक्सरला कणकेचं भांडं मिळतं. कपडे मशीनमध्ये पिळा किंवा निथळत वाळत घाला. बादली अर्धी भरा. बरणीचं घट्ट झाकण कोणाकडून तरी उघडून घ्या. भाजीची पिशवी मुठीत न धरता खांद्याला अडकवा. पेपर तपासायला जाड पेन घ्या, बारीक रिफिलचं पेन चिमटीत आवळावं लागतं, आणि एका बैठकीत गठ्ठा संपवायचा हट्ट सोडा. स्कूटीवर मूठ सैल.

इंजेक्शनचं उत्तर: तूर्त नको. तिथे देतात ते बहुधा स्टेरॉइड असतं आणि त्याने आराम पडतो, झटकन पडतो, म्हणून ते लोकप्रिय आहे. पण २०१३ मध्ये ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात ऑस्ट्रेलियातल्या १६५ रुग्णांचा अभ्यास आला. वर्षभरात ज्यांचं दुखणं उलटलं, त्यांचं प्रमाण स्टेरॉइड घेतलेल्यांत ५४ टक्के होतं आणि नुसतं मिठाचं पाणी टोचलेल्यांत १२ टक्के. शिवाय तुमची शुगर काठावर आहे, आणि या इंजेक्शनने ती काही दिवस वर जाते. दुखण्याने झोपच लागत नसेल, तर डॉक्टर ते सुचवतील आणि त्यात चूक नाही. तुमची तशी स्थिती पत्रावरून वाटत नाही. मी फिजिओथेरपिस्ट आहे, इंजेक्शनचा शेवटचा शब्द डॉक्टरांचा. पण ‘वर्षभरानंतर काय?’ हा प्रश्न त्यांना जरूर विचारा. पीआरपी म्हणजे स्वतःच्याच रक्तातला घटक टोचणं. ते महाग आहे आणि त्याचे अभ्यास एकमेकांशी जुळत नाहीत, आत्ता त्या वाटेला जाऊ नका.

डायक्लोफिनॅकच्या गोळ्यांबद्दल मात्र मला जास्त काळजी वाटते. त्या बीपी वाढवतात, टेल्मिसार्टनचा परिणाम कमी करतात आणि दोन्ही मिळून मूत्रपिंडावर ताण येतो. चार महिने अधूनमधून घेत असाल तर घरच्या डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगा आणि मूत्रपिंडासाठी रक्तातलं क्रिएटिनिन तपासून घ्या. मलम लावायला हरकत नसते. दुसरी गोष्ट कोणी सांगत नाही म्हणून सांगते: जुलाब किंवा लघवीची जळजळ झाली की आपल्याकडे सर्रास ओफ्लोक्सासिन, सिप्रोफ्लोक्सासिन, लिव्होफ्लोक्सासिन लिहून देतात. या गटातली औषधं कंडरा दुखावू शकतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००८ मध्येच त्यांवर ठळक इशारा छापायला लावला. साठीपुढे आणि स्टेरॉइड चालू असताना धोका अधिक. तेव्हा डॉक्टर प्रिस्क्रिप्शन लिहायला लागले की कोपराचं सांगा, दुसरं औषध चालत असेल तर ते देतील. दुकानातून परस्पर आणून घेऊ नका.

ऑपरेशनची भीती मनात असेल तर तीही काढून टाका. २००४ साली सचिनचं कोपर दुखायला लागल्यापासून हे दुखणं घराघरात माहीत झालं, आणि मे २००५ मध्ये त्याचं लंडनला ऑपरेशन झालं म्हणून पुष्कळांना वाटतं की शेवट तिथेच होतो. तसं नाही. दहांतल्या आठ-नऊ जणांचं वर्षभरात बरंच बरं होतं. सहा महिने ते वर्षभर नीट व्यायाम करूनही फरक नसेल, तरच तो विषय निघतो.

पट्टा: कोपरावर नाही, कोपराच्या खाली दोन-तीन बोटं, स्नायूच्या फुगीर भागावर बांधायचा, मूठ आवळली की दाब जाणवेल इतपत. मुंग्या आल्या तर सैल करा. कामापुरता लावा, झोपताना काढा. त्याने दुखणं कमी होतं, बरं होत नाही. कोलॅजनच्या पावडरीवर पैसे घालवू नका, त्यापेक्षा डाळी-उसळी, दही, अंडी खात असाल तर तीही वाढवा. शेक आणि बर्फ यांतलं जे बरं वाटेल ते. आणि काकूंच्या त्या माणसाकडे जाऊ नका. मोकळी करायला तिथे नस अडकलेलीच नाही. हलक्या हाताने मालिश केली तर बरं वाटेल, पण ही माणसं अंगठ्याने नेमक्या दुखऱ्या हाडावर रगडतात, आणि चार दिवस हात वर उचलवत नाही.

राहिले ६० किलो. विसरू नका. पाय आणि पाठीची ताकद अजून तुमच्याकडे आहे, अडलंय ते फक्त पकडीपाशी. आजपासूनच स्ट्रॅप्स लावून ३५ किलोने सुरू करा, दर पंधरवड्याला अडीच किलो वाढवा, तेही सकाळचा आकडा चढला नसेल तरच. सगळं सुरळीत गेलं तर वीस आठवड्यांत ६० येतं. नाही गेलं तरी डिसेंबरपर्यंत वेळ आहे. एका आठवड्यात दोन नव्या गोष्टी सुरू करायच्या नाहीत, आणि नव्या गोष्टींत घरची कामंही मोजायची. दोन्ही तळहात आपल्याकडे ठेवूनच रॉड धरा. एक हात सुलटा, एक उलटा (तळहात समोर) अशी पकड ट्रेनर सुचवेल, ती नको. उलट्या हाताच्या बायसेप्सची कंडरा त्याच पकडीत तुटू शकते. रॉड खाली आणताना टाकू नका आणि झटकाही देऊ नका. प्लेटा लावणं-काढणं मात्र ट्रेनरला करू द्या. रॅकवरून दहा किलोची प्लेट चिमटीत धरून ओढताना या कोपराला जेवढा त्रास होतो, तेवढा स्ट्रॅप लावलेल्या अख्ख्या डेडलिफ्टमध्ये होत नाही.